खानदेशात गळ टाकायचा कुठे?

पेन्शनीत निघालेल्या माणसाला तीन उद्योग सुचतात: तीर्थयात्रा, गुडघ्यांची निगा आणि सुनेला सल्ला. आम्ही दोघे व्याही या तिन्हींत न रमता गळ टाकायला लागलो, याचे श्रेय माझ्या मुलीला. ती अमेरिकेत असते. तिच्याकडे गेलो असताना तिथले पेन्शनर काठ्या आणि घडीच्या खुर्च्या घेऊन तळ्याकाठी बसलेले पाहिले. क्रॅपी नावाचा एक चपटा, ठिपक्याठिपक्यांचा लहान मासा असतो. त्याच्यासाठी ही मंडळी नकाशे पसरून तळी निवडतात. कुठल्या तळ्यात झाडेझुडपे बुडालेली आहेत, वसंतात मासा उथळात कुठे येतो, याचा खल आपल्याकडे पत्रिका जुळवताना चालावा तसा चालतो. व्याही तेव्हाच म्हणाले, "साहेब, परत गेल्यावर आपणही आपले तळे शोधायचे."

परतल्यावर वर्षभरातच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात गेला. उभा जन्म गार्डाच्या डब्यातून हिरवा झेंडा हलवलेला माणूस भुसावळच्या घरात भिंतीकडे तोंड करून बसू लागला. विहीणबाईंनी एके दिवशी फोनवर मला एवढेच विचारले, "तुमचे ते तळे शोधायचे ठरले होते ना, भाऊ?"

आमच्या दोन्ही घरांत मासा शिजत नाही. त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींचा सवाल रास्त होता. "खायचा नाही तर धरायचा कशाला? आणि धरून सोडायचा, तर त्या बिचाऱ्याला वर बोलवायचाच कशाला?" याला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

अमेरिकेतला पेन्शनर विचारतो, तळ्यात मासा कुठला? खानदेशात पहिला प्रश्न वेगळा: पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकते? मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर चढतो आणि निम्मी तळी नकाशावरच उरतात. दुसरा प्रश्न आमच्यापुरता: गाडीतून उतरून एका काठीच्या आधाराने पाण्यापर्यंत पोहोचता येते का?

जळगावकराच्या हाताशी असलेले तळे म्हणजे मेहरूण. बोरांसाठी नावाजलेले मेहरूण ते हेच. सकाळी फिरायला येणाऱ्यांची तिथे एवढी वर्दळ, की गळाला मासा लागण्याआधी चार सल्ले लागतात. शिवाय व्याह्यांना लोकांनी थबकून आपल्या हाताकडे पाहावे हे सोसत नव्हते. मेहरूण बाद.

वाघूर धरणाचे पाणी देखणे. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी जी नदी वळसा घेते तीच ही वाघूर, आणि आता जळगावच्या नळाला येते तीही हीच. पण आम्ही पाहिलेला काठ दगडगोट्यांचा, उताराचा. मला कसाबसा जमला. व्याह्यांना दुरूनच हात जोडावे लागले. गिरणा धरण 1969 साली पुरे झालेले, मोठे. मात्र ते नाशिक जिल्ह्यात, नांदगावकडे. चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याची शेते त्याच्यावर डोळा ठेवून असतात, तेव्हा उन्हाळ्यात काठ रोज मागे सरकतो.

धुळ्याला माझ्या नोकरीची अकरा वर्षे गेली, म्हणून नकाणे तलावाची माया जुनी. संध्याकाळी पाण्यावर वारा सुटला की धुळ्याची सारी धूळ विसरावी. पण ते शहराच्या पिण्याचे पाणी. तिथे कणकेचे गोळे फेकत बसणे माझ्या मनाला पटेना. शिरपूरकडचे अनेर धरण सातपुड्याच्या पायथ्याशी, रम्य खरे. परंतु तिथे अभयारण्य आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय गळाची पिशवीही नेऊ नये. आणि एरंडोलजवळच्या पद्मालयाचे नाव कुणी सुचवू नये. कमळांचे तळे, काठी गणपती; तिथे फक्त पाहत बसावे.

शेवटी व्याह्यांच्याच दाराशी आलो. तापीवरचे हतनूर धरण 1982 सालचे, 41 दरवाज्यांचे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे. त्या बाजूला धरणाचे पाणी पसरते. पावसाळ्यात दरवाजे उघडतात, तापी गढूळ होऊन धावते, आणि तो माशांच्या विणीचा काळ. तेव्हा घरी बसावे. दिवाळीनंतर पाणी निवळते आणि दूरदेशीची बदके उतरू लागतात. मासा लागो न लागो, पाहायला काहीतरी असते.

काठावर जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने आम्हाला हटकले, "मासा धराले उनात का भाऊ?" त्याच्याकडून जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात नव्हते. धरणातले पाणी सरकारचे, पण मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीचा. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांना वाहता पूर लागतो. 1957 साली कटकला संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन त्यांची वीण साधली, तेव्हापासून हवे तितके मत्स्यबीज मिळू लागले. सोसायटी ही बोटुकली पैसे मोजून पाण्यात सोडते. म्हणजे आपल्या गळाला लागलेला रोहू हा कुणाच्या तरी घरचा शाळेचा खर्च असतो. चिलापीचे तसे नाही. हा परदेशी पाहुणा 1952 साली भारतात आला आणि न बोलावता सगळीकडे पसरला. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्याला पुराची गरज नाही. क्रॅपीसारखाच पसरट, उथळात येणारा, गांडुळावर भुलणारा.

मग आम्ही सोसायटीत जाऊन रीतसर विचारले आणि करार ठरला: रोहू-कटला लागला तर अलगद पाण्यात, चिलापी लागली तर म्हाताऱ्याच्या टोपलीत. सौभाग्यवतींच्या सवालाचे निम्मे उत्तर त्या टोपलीने दिले.

एका हाताने गळ टाकता येतो, पण मासा लागल्यावर काठी धरायची की दोरा ओढायचा? त्यावर म्हाताऱ्याने बाभळीचे एक दुबेळके तोडून चिखलात ठोकले आणि काठी त्यात टेकवून दिली. तिसऱ्या सकाळी मोरपिसाची काडी बुडाली. मी हात पुढे केला, तर व्याही ओरडले, "हात लावू नका!" झटक्यानंतर त्यांचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. चिलापी वीतभरही नव्हती. ती टोपलीत पडेपर्यंत आम्ही तिघे श्वास रोखून होतो.

यंदा भाऊबीज आटोपली की पुन्हा निघायचे आहे. दुबेळके पुरात वाहून गेले असणार, म्हणून व्याह्यांनी सुताराकडून सागवानी करून घेतले आहे. विहीणबाईही येणार म्हणतात. भरीत-भाकरीचा डबा त्यांच्याकडे, गांडुळांचा माझ्याकडे. दोन्ही डबे एकाच पिशवीत ठेवायचे नाहीत, अशी सक्त ताकीद आहे.