लुईव्हिल : एका नावाचे शहर

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे अमेरिकेत, सिनसिनाटीला लेकीकडे राहिलो होतो. नातू तेरा वर्षांचा. नाव मुहम्मद, आम्हीच हौसेने ठेवलेले. पण त्याचे मित्र दारात आले की विचारत, "मो आहे का?" पहिल्यांदा आम्हाला उमगलेच नाही. "शाळेत सोपं पडतं, नाना," एवढेच तो म्हणाला. आम्ही काही बोलणार, तोच लेकीने नजरेने गप्प केले. पुढच्या शनिवारी जावई म्हणाले, "अब्बा, चला, लुईव्हिल दाखवून आणतो. दोन तासांचा तर रस्ता आहे."

लुईव्हिल हे केंटकी राज्यातले ओहायो नदीकाठचे शहर. इथल्या विमानतळाला 2019 पासून मुहम्मद अली यांचे नाव आहे. शहराच्या मधोमध मुहम्मद अली बुलेव्हार्ड हा रस्ता आहे. तो पूर्वीचा वॉलनट स्ट्रीट, 1978 मध्ये त्याचे नाव बदलले. नदीकाठी 2005 मध्ये उघडलेले मुहम्मद अली सेंटर आहे. परक्या मुलखात हे मुबारक नाव पाट्यापाट्यांवर पाहून ऊर भरून आला. वाटले, किती दिलदार शहर!

पण जावई आम्हाला आधी पश्चिम भागात घेऊन गेले. ग्रँड अव्हेन्यूवर 3302 क्रमांकाचे गुलाबी रंगाचे एक लहानसे घर आहे. बाप पाट्या रंगवायचा, आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी-स्वयंपाक करायची. त्यांचा मुलगा कॅशियस क्ले इथे वाढला. घर बंद होते, आम्ही बाहेरूनच पाहिले. याच भागात तेव्हा फाँटेन फेरी नावाची मोठी जत्रेसारखी बाग होती. पाळणे, झोके, सगळे होते. पण 1964 पर्यंत कृष्णवर्णीय मुलांना आत जायला बंदी होती.

1954 साली बारा वर्षांच्या या मुलाची नवी लाल सायकल चोरीला गेली. तक्रार करायला गेला, तर तिथला पोलीस शिपाई जो मार्टिन मुलांना बॉक्सिंग शिकवायचा. "चोराला झोडपायचं असेल, तर आधी लढायला शीक," असे त्याने सांगितले, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. जिथे हे घडले, त्या इमारतीच्या दारावर आज लाल सायकल टांगलेली आहे. नातवाने तिचा फोटो काढला.

त्याच 1954 सालची दुसरी हकीकत मात्र फारशी कुणी सांगत नाही. वेड नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाला शहराबाहेरच्या गोऱ्या वस्तीत कुणी घर विकेना. तेव्हा ब्रेडन नावाच्या गोऱ्या पतिपत्नीने घर स्वतः विकत घेऊन त्यांना दिले. आधी दगड आले, मग गोळ्या, आणि जूनमध्ये घराखाली सुरुंग फुटला. आणि तुरुंगात कोण गेले? राजद्रोहाच्या आरोपाखाली ब्रेडन! वाचकहो, नाव ऐकताच "जागा आत्ताच गेली" असे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. ही गोष्ट आम्हाला परकी वाटली नाही.

1960 मध्ये हा मुलगा रोम ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन परतला. 1964 मध्ये तो जगज्जेता झाला आणि त्याने आपण मुसलमान असल्याचे जाहीर केले. खरे सांगायचे तर ज्या 'नेशन ऑफ इस्लाम'मध्ये ते गेले, तिच्या वंशाविषयीच्या कल्पना इस्लामच्या शिकवणुकीत बसणाऱ्या नव्हत्या. 1972 मध्ये त्यांनी हज केला आणि 1975 नंतर ते सुन्नी मार्गावर स्थिर झाले. पण नाव घेतले ते घेतलेच. अनेक वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे मुद्दाम 'क्ले'च छापत राहिली.

मग आले 1967. व्हिएतनाममध्ये चार लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक लढत होते. लुईव्हिलमध्ये घराच्या हक्कासाठी मोर्चे निघत होते आणि मोर्चेकऱ्यांवर दगड पडत होते. मार्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे आले, तेव्हा अली त्यांना भेटले. 28 एप्रिलला ह्यूस्टनच्या सैन्यभरती केंद्रात त्यांचे नाव पुकारले गेले. फक्त एक पाऊल पुढे टाकायचे होते. त्यांनी ते टाकले नाही. आपला धर्म या युद्धाला परवानगी देत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. किताब गेला, लढतींचा परवाना गेला. जूनमध्ये पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपिलामुळे तुरुंग टळला. पण पंचविशीतली, उमेदीची साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. 28 जून 1971 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शिक्षा रद्द केली. घरांबाबत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा लुईव्हिलने केला, तो 1967 च्या डिसेंबरात.

नदीकाठच्या सेंटरमध्ये हे सारे पाहून बाहेर आलो, तेव्हा सकाळची दिलदारी थोडी वेगळी दिसू लागली. पाट्या नंतर लागल्या. नाव टिकवले ते पाट्या नव्हत्या तेव्हा.

शेवटी केव्ह हिल कब्रस्तानात गेलो. 3 जून 2016 रोजी अलींचे निधन झाले. जनाजाची नमाज 9 जूनला फ्रीडम हॉलमध्ये झाली. 1960 मध्ये त्यांनी पहिली व्यावसायिक लढत दिली, ती याच सभागृहात. देशोदेशीचे हजारो लोक आले होते. कबर साधीच आहे. आम्ही फातिहा पढलो. नातूही हात उचलून शेजारी उभा राहिला.

परतताना वाटेत जेवायला थांबलो. नातवाला चार शब्द सुनवावेत असे मनात होते. तेवढ्यात चिपळूणहून धाकट्या भावाचा फोन आला. आजूबाजूला सगळे अनोळखी चेहरे. आमचा आवाज आपोआप खाली गेला, "हं, बोल." नातू आमच्याकडे पाहत होता. आणि एकदम आठवले, मुंबईच्या गाडीतही आम्ही असेच करतो. सलाम ओठांतल्या ओठांत, कधी तर नुसते "हॅलो". मुलाला 'मो' व्हायला शिकवले कुणी? थोडे आम्हीही.

नातवाला काहीच सुनावले नाही. फोन कानाशी नीट धरला आणि नेहमीच्या आवाजात म्हटले, "अस्सलामु अलैकुम, भाई. मुहम्मदबरोबर जेवायला बसलोय."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर पाहिले, हसल्या आणि पुन्हा जेवू लागल्या.