पाठीवरचा बर्फ

आईला फोनवर म्हटलं, अजून गुडघाभर बर्फ आहे, तर ती म्हणाली, "अगं, इकडे माठ काढला आम्ही!" व्हरमाँटमधल्या मार्चला वसंत म्हणायचं धाडस कुणी करत नाही. दिवसा थोडं वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. त्याने मेपलच्या झाडांना रस सुटतो खरा, पण तबेल्यापासून कुरणापर्यंतच्या वाटेची पार काच होऊन जाते.

तीन वर्षं झाली, सकाळी मी जवळच्या एका घोड्यांच्या फार्मवर कामाला जाते. हुद्दा विचाराल तर मोतद्दार! लीद उपसायची, वैरण टाकायची, खरारा करायचा, खुरांत घट्ट बसलेले बर्फाचे गोळे उकरून काढायचे. (नाल असले की हे गोळे जास्तच धरतात, म्हणून आमच्याकडे हिवाळ्यात बहुतेकांचे नाल काढून टाकतात.) एकूण अकरा घोडे, सगळे मॉर्गन. ही इथलीच जात. अठराव्या शतकाच्या अखेरीला जस्टिन मॉर्गन नावाच्या शिक्षकाने इथे आणलेल्या 'फिगर' नावाच्या एका घोड्यापासून सगळा वंश वाढला. १९६१ पासून तर हा राज्याचा अधिकृत प्राणी आहे.

नाशिकहून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "बिचाऱ्यांना थंडी वाजत नसेल का गं?" त्यांच्यापेक्षा मलाच जास्त वाजते. घोड्याच्या पाठीवर बर्फाचा थर न वितळता तसाच बसला असेल तर खुशाल समजावं, आतली ऊब आतच आहे. शिवाय शेगडी पोटातच. खाल्लेलं गवत मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्याची उष्णता होते. म्हणून गारठा वाढला की चंदी नाही, गवत वाढवायचं.

खरी धास्ती पाण्याची. साधारण पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर तरी पाणी लागतं, पण ते बर्फगार असलं की तोंड लावून सोडून देतात. पोटात सगळं कोरडं गवत. ते अडकलं की पोटशूळ, आणि घोड्याला उलटी करता येत नाही.

या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सव्वीस वर्षांच्या घोडीचं हेच झालं. (मी तिला आजीबाई म्हणते.) संध्याकाळी गवत तसंच पडलेलं, सारखी मान वळवून कुशीकडे बघत होती, पुढच्या पायाने जमीन उकरत होती. डॉक्टरीणबाई वादळामुळे दोन गावं पलीकडे अडकलेल्या. त्या फोनवर सांगत होत्या आणि मालकीणबाई अन् मी आळीपाळीने आजीबाईंना फिरवत होतो. दर अर्ध्या तासाने कुशीला स्टेथोस्कोप लावायचा. निरोगी घोड्याच्या पोटात केवढी गुडगुड असते! त्या रात्री उजवी बाजू गप्प होती.

दीड वाजता डॉक्टरीणबाई पोचल्या. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पाणी आणि तेल सोडलं. ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "या वयात नको." आणि जाऊन घोडीच्या मानेला टेकून उभ्या राहिल्या. सकाळपर्यंत पोट मोकळं झालं नाही तर पुढचं इंजेक्शन कसलं असेल, हे तिघींनाही माहीत होतं. कोणी बोललं नाही. मी उगीच बादल्या घासत बसले.

पाच वाजायच्या सुमाराला लीद पडली. मूठभरच, कडक. लीद बघून रडणारी आमच्या घराण्यातली मी बहुधा पहिलीच!

आता आजीबाईंना कोमट पाणी, चिमूटभर जास्त मीठ आणि भिजवून लापशी केलेला खुराक. बाकीचे दहा जण जळतात. पुढच्या हिवाळ्याचं काय, हे मालकीणबाईंनी अजून बोलून दाखवलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही.

काल खरारा करताना तिचे केस पुंजक्या-पुंजक्याने हातात आले. बाहेर बर्फ भुरभुरत होता, पण केस गळायला थंडीशी देणंघेणं नसतं. दिवस मोठा व्हायला लागला की घोड्याचं अंग आपोआप हिवाळी कोट उतरवायला लागतं. मी, माझा जॅकेट आणि तिचे केस, सगळं एकाच रंगाचं झालं होतं.

असो. उद्या खुरं कापणारा माणूस येणार आहे, त्याच्या आधी वाटेवर राख टाकायची आहे.