तुमची शिकण्याची रास कोणती?

मेष, वृषभ, मिथुन विचारत नाहीये हो! ती रास आईला पाठ असते आणि लग्नाचा विषय निघाला की आपोआप बाहेर येते. मी विचारतेय ती 'लर्निंग स्टाइल'. म्हणजे तुम्ही बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून शिकणारे की हाताने करून शिकणारे? कॉर्पोरेट जगात एखाद-दोन वर्षं काढली असतील तर ही पत्रिका तुमच्याही हातात कधी ना कधी पडली असणार. एसी कॉन्फरन्स रूम, जेवणानंतरची वेळ, डोळ्यांवर झापड, आणि समोर एक अतिउत्साही ट्रेनर. "लेट्स डिस्कव्हर हाऊ यू लर्न!"

आमच्या ऑफिसात हा कार्यक्रम झाला तेव्हा आम्ही सात-आठ जण संध्याकाळी जपानी शिकत होतो. पुण्यात याचं कुणालाच आश्चर्य वाटत नाही. प्रत्येक सोसायटीत एक तरी जपानी शिकणारा सापडतोच. कारण अगदी व्यवहारी. क्लायंट जपानी, आणि ज्याच्याकडे जेएलपीटीची एन-फोर लेव्हल असेल त्याचं नाव 'ऑनसाइट'च्या यादीत वर सरकणार, असं मॅनेजरनी चहाच्या टपरीवर अर्धवट कबूल केलेलं. त्यामुळे सगळे जोरात.

तर त्या ट्रेनिंगमध्ये एक फॉर्म भरून घेतला. नवीन मोबाइल घेतलात तर काय कराल? मॅन्युअल वाचाल, मित्राला विचाराल की सरळ बटणं दाबत सुटाल? असे बरेच प्रश्न. मग प्रत्येकाला एक रंगीत स्टिकर. मला निळा, 'व्ही', म्हणजे व्हिज्युअल. माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या टेस्टरला लाल, 'के', म्हणजे कायनेस्थेटिक, करून शिकणारा. सगळे खूश. दोन दिवस कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नाही.

तिसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या मला म्हणाला, "मी क्लास सोडतोय."

"का रे?"

"अगं, ट्रेनर म्हणाली ना, वर्गात बसून भाषा शिकणं ही माझी स्टाइलच नाही. जपानला गेलो तर तिथे करून करून शिकेन. इथे नाही जमायचं."

आता याची पार्श्वभूमी सांगते. हा जळगावकडचा, मराठी मीडियमचा. शाळेत एका सरांनी त्याला सांगून टाकलं होतं, "भाषा हा तुझा प्रांत नाही, तू आपलं गणित बघ." इंग्रजी तो पुण्यात आल्यावर, नोकरी लागल्यावर शिकला. क्लायंटचे कॉल ऐकत, मेल वाचत, चुकत-माकत. म्हणजे भाषा हा त्याचा प्रांत नाही, हे त्याने स्वतःच खोटं पाडलेलं! आणि आता परत तेच वाक्य. या वेळी फक्त चांगले कपडे घालून, पॉवरपॉइंटवर बसून आलेलं. सरांचा त्याला राग तरी आला होता. स्टिकर मात्र त्याने हौसेने लॅपटॉपवर चिकटवला होता. मला ते काही केल्या पचेना.

<b>ही रास आली कुठून?</b>

मग मी शोधाशोध केली. ती अक्षरं आली न्यूझीलंडहून. नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी 1992 मध्ये 'वार्क' नावाची मांडणी केली. व्हिज्युअल, ऑरल, रीड-राइट आणि कायनेस्थेटिक. पण ही काही एकटी नाही. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली, तर लर्निंग स्टाइलची तब्बल 71 मॉडेल्स निघाली! आपल्या राशी तरी बाराच आहेत.

गंमत पुढे आहे. 2008 मध्ये हॅरॉल्ड पॅश्लर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला. 'व्ही'वाल्याला चित्रांतून आणि 'ए'वाल्याला आवाजातून शिकवलं तर खरंच जास्त येतं का? हे तपासायचं तर दोन्ही प्रकारचे लोक घ्या, अर्ध्यांना त्यांच्या पद्धतीने शिकवा, अर्ध्यांना उलट, आणि शेवटी सगळ्यांना एकच पेपर द्या. इतकं सरळ! पण अशा पद्धतीने केलेले अभ्यास त्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडले, आणि त्यातले बरेचसे या थिअरीच्या विरोधातच गेले. 2015 मध्ये बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांवर प्रयोग केला. काहींना पुस्तक ऐकवलं, काहींना तेच ई-बुकवर वाचायला दिलं. कोण स्वतःला 'ऐकणारा' म्हणवतो आणि कोण 'बघणारा', याचा किती समजलं याच्याशी संबंध दिसला नाही.

"पण मला चित्रं बघितली की पटकन लक्षात राहतं!" असं तुम्ही म्हणाल. मान्य. आवड असतेच. मला पण रंगीत पेनं, फ्लो-चार्ट वगैरे जाम आवडतात. पण आवडणं वेगळं आणि मानवणं वेगळं. वडापाव आवडतो म्हणून तो डाएट होत नाही.

<b>बिरु आणि बीरु</b>

खरा उलगडा मात्र आमच्या क्लासमध्येच झाला. आमच्या सेन्सेई म्हणजे साठीच्या पुढच्या, सुती साडी, खांद्याला शबनम, आणि जिभेवर अस्सल पेठी धार. माझा स्टिकर बघून म्हणाल्या, "छान आहे. आता सांग, बिरु म्हणजे काय आणि बीरु म्हणजे काय?"

बिरु म्हणजे बिल्डिंग. बीरु म्हणजे बिअर. फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा. आपण मराठी माणसं शाळेत ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क घालवून मोठी झालेली, आणि बोलताना तर तो फरक कोण पाळतो? जपानीत पाळावा लागतो. ओबासान म्हणजे आत्या-मावशी-काकू आणि ओबाऽसान म्हणजे आजी. क्लायंटच्या तरुण मावशीला चुकून आजी केलंत की संपलात! कितेऽ नव्हे, किते म्हणजे 'ये', आणि कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. आपल्या खडा आणि खड्डासारखंच. मग हाशी. सूर वरून खाली आला तर जेवायच्या काड्या, खालून वर गेला तर पूल. हे सगळं चित्र काढून शिकता येईल? कितीही निळा स्टिकर लावा, हे कानानेच शिकावं लागतं.

आता कांजी घ्या, म्हणजे जपानीतली चित्रलिपी. एक झाड काढलं की झाड. दोन झाडं शेजारी काढली की राई. तीन काढली की जंगल. माणसाच्या खुणेशेजारी झाडाची खूण ठेवली की विश्रांती. हे कितीही ऐकून येणार नाही, डोळ्यांनी बघावंच लागतं आणि हाताने गिरवावं लागतं. आणि व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी देणं, किंचित वाकणं, नेमक्या क्षणी 'हाजिमेमाशिते' म्हणणं? ते उभं राहून, चारदा करूनच जमतं. 'के'वाल्यालाही आणि बाकी सगळ्यांनाही.

म्हणजे बघा, डोळा, कान की हात, हे शिकणाऱ्यावर नाही, शिकायच्या गोष्टीवर ठरतं. आणि भाषा ही अशी वस्तू आहे की तिला सगळंच लागतं.

माणसामाणसात फरक नसतो असं नाही हं. असतो, आणि भरपूर असतो. पण तो बहुतेक वेळा आधी काय येतं यात असतो. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आपल्यासारखंच. 'पुण्यापासून मुंबईपर्यंत' हे 'पुने कारा मुंबाई मादे' होतं. पासून म्हणजे कारा, पर्यंत म्हणजे मादे, आणि दोन्ही नावाच्या मागेच लागतात. चा-ची-चे या तिघांचं काम एकटा 'नो' करतो. 'त्सु' म्हणताना इंग्रजी बोलणाऱ्यांची बोबडी वळते, आपण मात्र 'चूक'मधला 'च' काढतो आणि मोकळे होतो. ही मराठीची पुण्याई कुठल्याच फॉर्मवर विचारली जात नाही.

<b>पुस्तक मिट!</b>

आमचा टेस्टर फी बुडायला नको म्हणून शेवटच्या दोन-तीन तासांना येत होता. सेन्सेईंना त्याचा बेत कळला. ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "अरे, पेपर 180 मार्कांचा. पासिंग 90. त्यात ऐकण्याचे 60, आणि त्यात किमान 19 पडलेच पाहिजेत. नाही पडले तर बाकी कितीही मिळव, नापास. कॅसेट एकदाच वाजते. ही अट व्हिज्युअलला पण आहे आणि तुझ्या त्या लाल स्टिकरला पण. तुझी रास कोणी विचारणार नाही. तू इंग्रजी कसं शिकलास?"

"कॉल ऐकून."

"नुसतं ऐकून?"

"नाही. कॉल संपला की काय ठरलं ते न बघता लिहून काढायचो. मग मिनिट्सशी ताडून बघायचो."

"मग तेच कर की! पुस्तक मिट आणि आठव."

सेन्सेई अजूनही 'कॅसेट' म्हणतात ते सोडा. पण त्यांचा सल्ला अगदी ताज्या संशोधनातला निघाला. 2008 मध्येच जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेचे 40 शब्द अर्थांसकट पाठ करायला दिले. एखादा शब्द एकदा बरोबर आला की काही गटांना तो पुन्हा पुन्हा विचारत राहिले. काहींना तो नुसता परत वाचायला दिला, विचारणं बंद. आठवड्याने पुन्हा परीक्षा. विचारत राहिलेल्यांना सुमारे 80 टक्के शब्द आठवले, नुसतं वाचणाऱ्यांना 35 टक्क्यांच्या आसपास. आणि आधी 'किती आठवतील?' असं विचारलं तेव्हा सगळे गट साधारण निम्मे म्हणाले होते! आपल्याला काय मानवतं हे आपलं आपल्यालाच कळत नाही, त्याचा याहून चांगला पुरावा कुठला?

त्यानंतर आमच्या डेस्कवर नवीन खेळ सुरू झाला. चहाला जाताना तो मला पाच शब्द विचारणार, येताना मी त्याला पाच. लिफ्टमध्ये कांजी हवेत बोटाने काढायची, बघणारे चक्रावून बघत राहायचे. घरी जाताना बसमध्ये इअरफोन लावून संवाद ऐकायचे, मग तोच संवाद ओठांतल्या ओठांत आपल्या आवाजात म्हणायचा. रविवारी आठवड्याचे सगळे शब्द पुस्तक मिटून कागदावर. चुकलेले शब्द दुसऱ्या दिवशी, आलेले चार दिवसांनी. त्यात व्ही पण आलं, ए पण आलं, आर आणि के पण. आम्ही नुसतं त्याला अभ्यास म्हणत होतो.

डिसेंबरचा पहिला रविवार, परीक्षा. जानेवारीच्या शेवटी ऑनलाइन निकाल. तो पास. 180 पैकी 101, आणि ऐकण्यात 60 पैकी 34. मीपण पास झाले, पण ऐकण्यात तो माझ्यापुढे तीन मार्कांनी. ऑनसाइटची यादी नेहमीप्रमाणे पुढच्या क्वार्टरला ढकलली गेली, ते सोडा. संध्याकाळी त्याने घरी फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. वडिलांना तो एवढंच म्हणाला, "आबा, भाषेत पास झालो."

तेव्हा पुढच्या वेळी असा फॉर्म समोर आला तर भरा खुशाल. टाइमपास म्हणून मस्त आहे. स्टिकर पण घ्या, चांगला चिकटतो. पण कोणी तुम्हाला 'ही तुमची स्टाइल नाही' असं म्हणालं, तर त्याला प्रेमाने विचारा, माझी स्टाइल राहू दे, जी गोष्ट शिकायची आहे तिची स्टाइल काय आहे? आणि उत्तराची वाट न बघता पुस्तक मिटा, आणि आठवायला लागा.

बिरु म्हणजे काय होतं हो?