दोष कोणाचा आणि किती?

देशांतील कोणत्याही उणिवेचा विषय निघाला कीं ‘हें सारें इंग्रजांनीं करून ठेवलें’ हें वाक्य आपल्या सुशिक्षित घरांतून हमखास ऐकूं येतें. तें सर्वस्वी खोटें नव्हे. परंतु जितकें सोयीचें आहे तितकें तें पूर्ण नाहीं, असें आम्हांस वाटतें. एका उदाहरणानें हें पाहूं.

१८७१ सालीं सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम उत्तर हिंदुस्थानांत लागू झालेला हा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यापर्यंत पोंचला. जमातीचें नांव यादींत चढलें कीं तींत जन्मलेलें मूल कांहीं न करतांच संशयित ठरे. पोलिसांपुढें हजेरी, गांव सोडावयास परवाना, आणि कित्येकांच्या वांट्यास तारेच्या कुंपणांतील वसाहत. सोलापुरची अशी वसाहत महाराष्ट्रास ठाऊकच आहे. बैलांच्या पाठीवरून मीठ व धान्य वाहणाऱ्या लमाणांचा धंदा आगगाडीनें बुडविला, तो निराळाच. अपराध सिद्ध झाल्यावांचून शिक्षा नाहीं, हें तत्त्व आपणांस शिकविणाऱ्या राज्यकर्त्यांनीं येथें तें गुंडाळून ठेवलें. ह्या पापाचे धनी तेच, ह्यांत संशय नाहीं.

परंतु विचार करणाऱ्यानें येथेंच थांबूं नये. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, ही कल्पना त्या अधिकाऱ्यांनीं केवळ विलायतेहून आणली नव्हती. कायद्याचें समर्थन करतांना त्यांनीं बोट दाखविलें तें आपल्याच जातिव्यवस्थेकडे. परक्यानें बेडी घडविली खरी. पण तिचें लोखंड बरेंचसें आपल्या घरचें होतें.

पुढें स्वराज्य आलें. १९५२ सालीं हा कायदा साऱ्या देशांत रद्द झाला आणि त्या जमातींस ‘विमुक्त’ हें नांव मिळालें. १९५९ सालीं मुंबई राज्यानें सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदोपत्रीं तो जमातीस नव्हे, व्यक्तीस लागू होता. तथापि चोरी झाली कीं प्रथम कोणाच्या पालाकडे बोट जातें, हें वाचकांस सांगावयास नको. श्री. लक्ष्मण गायकवाड ह्यांचें ‘उचल्या’ १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील पोलीस गोरे नाहींत, आणि संशय घेणारे शेजारीहि गोरे नाहींत. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्तांविषयींचे जुने पूर्वग्रह तसेच राहिले होते. ते घटनेविरुद्ध ठरविण्यास सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ सालचा निर्णय यावा लागला.

तेव्हां दोषाची वांटणी करावयाचीच तर ती कालानुसार करावी. कायदा रचल्याचा दोष रचणाऱ्यांचा. तो पुसल्यावरहि मनांत जपल्याचा दोष जपणाऱ्यांचा. वडिलार्जित कर्ज कोणी काढलें ह्याचा शोध अवश्य घ्यावा, पण व्याज थकवीत राहिल्यास सावकार आजोबांस नव्हे, आपणांस गांठतो.

इतिहास विसरा, असें आम्ही म्हणत नाहीं. उलट तो पुरता वाचा, असेंच म्हणतों. पालांतील एखादें मूल शाळेंत आपल्या मुलाशेजारीं बसलें असतां घरीं ‘पाटी-दप्तर सांभाळ’ असें जर आपण सांगणार असूं, तर तें शिकविण्यास आतां कोणी इंग्रज येथें उरलेला नाहीं. तें वाक्य न उच्चारणें मात्र सर्वस्वी आपल्या हातीं आहे.