थेंबभर रक्ताचा हिशेब

मधुमेह हा आता आपल्या समाजात घरोघरचा पाहुणा झाला आहे. पाहुणा म्हणावे तर तो जात नाही, आणि घरचा म्हणावे तर त्याला कोणी आपला मानत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना हा विकार आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात पेढ्या, गोदामे आणि आडत सांभाळणारी आपली कुटुंबे याला अपवाद नाहीत. सकाळी नऊ ते रात्री नऊ गादीवर बसणे, जेवणाची अनियमित वेळ, उधारीची चिंता आणि व्यवहारानिमित्त होणारा गोड चहा, हे सारे एकत्र आले म्हणजे शरीर आपला हिशेब मांडतेच.

अंगाने सडपातळ असलेली मंडळी स्वतःला निर्धास्त समजतात. त्यांच्यासाठी पुण्यातीलच एक उदाहरण बोलके आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजनाच्या गणिताने येणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेढ्यांपैकी एकीत रोकड आणि दुसरीत नुसती येणी असावीत, तसाच हा प्रकार. म्हणून रूपावर न जाता आकडा पाहणे हेच शहाणपणाचे.

आकडा पाहण्याची सोय आज घरातच आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेत रक्तशर्करा मोजणारे पहिले यंत्र बाजारात आले, तेव्हा ते किलोभराहून जड होते, त्याची किंमत सुमारे ५०० डॉलर होती आणि पट्टीवर रक्ताचा चांगला मोठा थेंब ठेवून, मिनिटभर थांबून, तो पाण्याने धुवावा लागे. आजचे यंत्र सदऱ्याच्या खिशात मावते आणि त्याच्या पट्टीला अर्धा ते एक मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरच्या हजाराव्या भागाएवढे रक्त पुरते. सप्टेंबर २०२५ पासून यंत्रावरचा आणि पट्ट्यांवरचा जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एवढे सगळे सोपे झाले. पण तो एवढासा थेंब बोटातून बाहेर येत नाही, हीच पुष्कळ घरांतील खरी अडचण आहे.

भोसरीच्या बाजूला नट-बोल्ट आणि तारेचे दुकान चालवणाऱ्या एका कुटुंबातील हकिकत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. घरातील वडीलधारे गृहस्थ सत्तरीला टेकलेले. पन्नास वर्षे लोखंड हाताळून बोटांची कातडी जाड झालेली. नेम असा की, चौविहार कधी मोडायचा नाही. डॉक्टरांनी साखर उतरवणारी गोळी दिली होती आणि पहाटे व रात्री तपासणी करण्यास सांगितले होते. डिसेंबरचा गारठा सुरू झाला आणि बोटातून रक्त येईनासे झाले. टोचावे, दाबावे, पुन्हा टोचावे. जेमतेम टिपूस येई, पट्टी अर्धवट भिजे आणि यंत्र चुकीची खूण दाखवी. प्रत्येक पट्टीमागे पैसे वाया जाताना पाहणे व्यापारी मनाला सहन होईना. ‘‘तब्येत ठीक आहे, कशाला पट्ट्या नासायच्या?’’ असे म्हणून त्यांनी तपासणी बंद केली. गोळी मात्र चालूच राहिली.

येथे एक हिशेब मांडून पाहावा. डिसेंबरअखेर पुणे परिसरात सूर्य सायंकाळी सहानंतर लगेच मावळतो आणि सकाळी सातच्या सुमारास उगवतो. त्यापुढे नवकारसीची ४८ मिनिटे. म्हणजे चौविहार करणाऱ्याच्या पोटात जवळजवळ चौदा तास अन्न किंवा पाण्याचा थेंबही जात नाही. निरोगी शरीर हे सहज पेलते. परंतु गोळीचा किंवा इन्सुलिनचा अंमल रात्रभर चालू असेल, तर साखर किती खाली उतरेल हे अंदाजाने सांगता येत नाही.

त्या घरी एका रात्री तीनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सूनबाई धावत आली. मुलाने यंत्र आणले. पण तिने आधी सासऱ्यांचा हात गरम पाण्यात धरला, पुसून कोरडा केला, खाली लोंबता ठेवला आणि अनामिकेच्या कडेला टोचले. थेंब आला. आकडा ५२ होता. ७० च्या खाली गेलेली साखर हाच धोक्याचा इशारा असतो, मग ५२ ची काय कथा! तिने ग्लुकोज पाण्यात विरघळवून पुढे केले, तर त्या अवस्थेतही ते मान हलवून म्हणाले, ‘‘बेटा, पच्चक्खाण आहे.’’

मुलगा घुटमळला. सून मात्र ठाम राहिली. ‘‘बाबूजी, पच्चक्खाणात आगार असतो. आधी घ्या, मग महाराजसाहेबांना विचारू.’’ त्यांनी ग्लुकोज घेतले. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, तेव्हा आकडा ८८ वर आला होता.

दुसऱ्या दिवशी स्थानकात साध्वीजींपुढे सारे निवेदन केले. साध्वीजींनी सांगितले की, पच्चक्खाण घेतानाच्या पाठात सर्व प्रकारच्या समाधीसाठी आगार ठेवलेला आहे. असह्य पीडेने समाधी भंग पावू लागली, तर औषध घेण्याची वाट शास्त्रकारांनी आधीच मोकळी ठेवली आहे. तप हे समाधीसाठी आहे. समाधी तपासाठी नाही. त्यांनी लहानसे प्रायश्चित्त दिले आणि पुढचा नेम डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा, असे सुचवले. डॉक्टरांनी गोळीची मात्रा आणि वेळ बदलली. ते गृहस्थ आजही चौविहार करतात. मात्र झोपण्यापूर्वी आणि पहाटे आकडा पाहिल्याशिवाय राहत नाहीत.

या हकिकतीतून उरतो तो प्रश्न थेंबाचा. रक्त का येत नाही? गारठ्याने बोटांतील केशवाहिन्या आकसतात, पाणी कमी प्यायल्याने रक्ताभिसरण मंदावते आणि राठ कातडीत सुई पुरेशी खोल जात नाही. उपायही त्यानुसारच आहेत. आपल्या घरी उकळलेले पाणी सहसा असतेच. त्यातले भांडेभर कोमट करून हात धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. ओलावा राहिला तर थेंब पसरतो व पातळ होतो. हात मिनिटभर कमरेखाली सोडावा, थोडा झटकावा. बोटाच्या मधोमध टोचू नये, कडेला टोचावे. तेथे वेदना कमी होतात आणि कातडीही मऊ असते. मधले बोट आणि अनामिका यांचा उपयोग करावा आणि रोज जागा बदलावी.

टोचणीच्या पेनावर खोलीचे आकडे असतात. राठ हातांना एक घर पुढे सरकावे. सुईच्या जाडीचे गणित तर तारेच्या व्यापाऱ्यांना शिकवावे लागत नाही. गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक. ३३ गेजने थेंब येत नसेल, तर २८ गेजची सुई घेऊन पाहावी. सुई दर वेळी नवी असावी. बोथट सुई जास्त दुखवते आणि रक्त कमी देते. टोचल्यावर बोटाचे टोक घट्ट पिळू नये. तसे केल्याने रक्ताबरोबर पेशींभोवतालचा द्रव मिसळतो आणि आकडा बिघडतो. तळहाताकडून टोकाकडे हलका हात फिरवावा आणि थेंब पूर्ण धरल्यावरच पट्टी त्याला लावावी.

मिठाईच्या किंवा गूळ-साखरेच्या दुकानात बसणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. बोटाला लागलेला गोडाचा कणही आकडा खोटाच वाढवून दाखवतो, आणि त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन वाढवले तर अनर्थ होतो. हात धुणे शक्यच नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. आणि घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणे दिसत असताना थेंब आलाच नाही, तर यंत्राशी झटत बसू नये. माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर आधी सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्यावी आणि मोजमाप मागाहून करावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; थेट रुग्णालय गाठावे.

एकत्र कुटुंबात यंत्र एकच असते आणि टोचणीचे पेनही एकच फिरते. काटकसर म्हणून ही सवय लागते. परंतु सुई बदलली तरी पेनाच्या तोंडावर न दिसणारे रक्त राहू शकते आणि त्यातून कावीळ बीसारखा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. प्रत्येकाचे पेन स्वतंत्रच असावे. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून, झाकण घट्ट लावून, वेगळ्या द्याव्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांत त्यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केलेली होती. मुंगीला इजा होऊ नये म्हणून जमीन पुंजून चालणाऱ्या घरातील सुई कचरा वेचणाऱ्या मावशींच्या हातात रुतावी, हे आपल्या अहिंसेला शोभत नाही.

व्यापारी घराला रोजमेळाचे महत्त्व सांगावे लागत नाही. रात्री गल्ला मोजल्याशिवाय ज्याला झोप लागत नाही, त्याने शरीराचा गल्ला मात्र महिनोन्महिने न मोजता ठेवावा, हे आश्चर्यच. चोपडीच्या एका पानावर तारीख, वेळ, आकडा आणि त्या दिवशीचे तप एवढ्या चार रकान्यांची नोंद ठेवावी, आणि चातुर्मासात नवा नेम घेण्यापूर्वी ते पान डॉक्टरांना व गुरुमहाराजांना दाखवावे. नोंदीच्या आधाराने केलेले तप अधिक काळ निभते आणि घरच्यांनाही निश्चिंत ठेवते.