कडे नसलेलं बेट

शाळेत भूगोल शिकवताना उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं एक चित्र मी दरवर्षी मुलांना दाखवायचे. समुद्रावर सरळ उभा कडा आणि त्याच्या कपारीकपारीत दाटीनं बसलेले समुद्रपक्षी. काहींना घरटंसुद्धा नाही, उघड्या खडकावर एकच निमुळतं अंडं! तिथे जाऊन फोटो काढायचे, हे वेड तेव्हापासूनचं. पुढे लग्न झालं, नोकरी सुटली, सिलिकॉन ओएसिसमध्ये संसार मांडला आणि कॅमेरा कपाटात गेला.

गेल्या नोव्हेंबरात तो बाहेर निघाला. शेख मोहम्मद बिन झायेद रोडने तासाभरात उम्म अल क्वैन. तिथल्या सिनिया बेटावर सोकोत्रा पाणकावळ्यांची अमिरातीतली सर्वांत मोठी वसाहत आहे. अरबस्तानाभोवतालचा समुद्र सोडला तर हे पक्षी जवळजवळ कुठेच वीण करत नाहीत. इथे कडेबिडे नाहीत. सपाट बेट, जमिनीत उकरलेला खळगा, हेच घरटं. ऊन चढलं की पक्षी चोच उघडून गळा थरथरवत अंगातली उष्णता घालवतात.

बोट किनाऱ्यापासून बरीच लांब थांबली. पाण्यालगत काळी रांग उडत होती, संपता संपेना. पण घरटी माझ्या लेन्सच्या टप्प्यात येईनात. "आई, अजून जवळ जाऊया ना!" लेक म्हणाली. माझ्याही मनात तेच होतं. नावाडी केरळचा. हिंदीत म्हणाला, "मॅडम, पक्षी उठले तर अंडी उन्हात पडतील. सीगल टपलेलेच असतात."

क्षणभर राग आला. एवढी वाट पाहिली, पैसे भरले! आणि मग आमची बाल्कनी आठवली. उन्हाळ्यात एसीच्या डब्यामागे कबुतरीनं दोन अंडी घातली होती. नीट फोटो यावा म्हणून मी आडवी येणारी कुंडी सरकवली. ती उडाली, ती परत आलीच नाही. आठवडाभर लेक रोज विचारायची, "आली का गं?" मी कबुतरांना नावं ठेवून वेळ मारून नेली. खरं कारण तिला सांगितलं नव्हतं.

ते त्या बोटीत सांगितलं. ती गप्प बसली. मग नावाड्याला म्हणाली, "अंकल, वापस चलो."

फोटोत निळं पाणी आणि वर एक काळी रेघ, एवढंच आलंय. साताऱ्याला आईला पाठवला. तिचा लगेच फोन, "अगं, यात घरटी कुठायत?"

म्हटलं, "आहेत तिथेच आहेत, आई."