समुद्रातली खानेसुमारी

आमच्या भालकीच्या घरात शहाबादी फरशी आहे. उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडून दुपारी लवंडायचे, एवढाच तिचा नि आमचा संबंध. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचला, हे मला निवृत्तीनंतर भाचीने सांगितले. म्हणजे समुद्रापासून इतके दूर राहून आम्ही आयुष्यभर समुद्रतळावरच झोपत होतो!

ही भाची मालवणला समुद्रातले प्राणी मोजते. गेल्या दिवाळीला आली तेव्हा फराळाचे ताट बाजूला सारून तिने फोटो दाखवले. पाण्याखालचा खडक, त्यावर पाइपची मीटरभर लांबीरुंदीची चौकट, आणि चौकटीत काळपट काटेरी गोळे.

"मामा, हे सी-अर्चिन. साळिंदराने मुटकुळं केल्यासारखं दिसतं ना?"

पाण्याखाली फार वेळ थांबता येत नाही; पाठीवरच्या टाकीतली हवा संपत जाते. म्हणून टेप ताणायची, ठरावीक अंतरावर चौकट ठेवून ठरावीक उंचीवरून फोटो घ्यायचा आणि मोजणी किनाऱ्यावर सावकाश करायची. शंका आली तर तोच फोटो पुन्हा मोजता येतो.

"पण मोजून करायचं काय?" माझ्यातला मास्तर जागा झाला.

हे प्राणी खडकावरचे शेवाळ खरवडून खातात. फार वाढले तर खडक उघडा पडतो. नाहीसे झाले तर शेवाळ प्रवाळावर चढते. १९८३-८४ साली कॅरिबियन समुद्रात रोग पसरून तिथली लांब काट्यांची जात नव्वद टक्क्यांहून अधिक मेली. आधी कोणी मोजून ठेवले होते, म्हणून किती गेले ते कळले.

"आणि फोटोत न आलेले?"

"दिवसा कित्येक कपारीत दडतात, रात्री चरायला निघतात. म्हणून मी 'इतके आहेत' असं लिहीत नाही. 'इतके दिसले' असं लिहिते."

मी गप्प झालो. १९९१च्या खानेसुमारीत आमच्याकडे घरे मोजायचे काम होते. एका दारात गृहस्थ माझ्याशी कन्नडमध्ये बोलले. मातृभाषेच्या रकान्यात मी सगळ्यांपुढे कन्नड लिहून मोकळा झालो. वळतो तोच आतून म्हातारीचा आवाज आला. नातवाला ती मराठीत रागे भरत होती. एकेकाला विचारून लिहायचे होते, मी कानावर आले ते लिहिले. परत फिरलो नाही. दुपार कलली होती, बरीच घरे उरली होती.

आमच्याकडे अशी घरे थोडी नाहीत. माझीच सून नातीला कन्नडमध्ये निजवते आणि मराठीत उठवते.

"मग त्या दडलेल्यांचं काय करतेस?" मी विचारले.

"रात्री बॅटरी घेऊन पुन्हा उतरते."

दुसऱ्या दिवशी मी त्या गल्लीत जाऊन आलो. त्या घराला आता कुलूप आहे.